कपाळावरचा हात

विभा धर्माधिकारीचा विश्वास तसा फारसा कुणावर नव्हताच, पण दाराच्या बेलवर तर अजिबात नव्हता. ते बोटाएवढं पांढरं बटण दूधवाला दाबतो, कुरियरवाला दाबतो, वीजबिलाचा माणूस दाबतो, आणि यांतला प्रत्येक जण आधी त्याच बोटाने नाक पुसून आलेला असतो, अशी तिची पक्की खात्री. रोज सकाळी ती बेल स्पिरिटने पुसायची. मग फाटकाची कडी. मग दुधाच्या पिशव्यांना साबणाची अंघोळ. वर्तमानपत्र गच्चीवर उन्हात. सब्जीवाला भैया तर तिला लांबून बघितलं की गाडी थोडी पुढे ढकलायचा. टोमॅटोला त्याने हात लावायचा नाही आणि तिने लावायचा नाही, मग ते पिशवीत जायचे कसे, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नाही.

हसू नका. बाईला कारण होतं. मागच्या दिवाळीआधी तिच्या नवऱ्याची, नरेंद्रची, किडनी बदलली होती. नवी किडनी शरीराने परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्याला रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातला पहारेकरीच झोपवलेला. चारचौघांना आठवडाभर अंथरुणात लोळवून सोडून देणारा फ्लू नरेंद्रला उचलून नेऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "खाँसने वालों से तो आप इन्हें बचा लेंगी, मॅडम. हाथों का ध्यान रखिए," असंही म्हणाले होते. विभाने ते शब्द गाठीला बांधले ते कायमचे. लखनौच्या 'वृंदावन योजना' वसाहतीतलं ते बैठं घर म्हणजे तिने किल्ला करून टाकला. नरेंद्रच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. तिथलं सगळं ती करणार, गोळ्या ती देणार, आणि ताप आहे का ते येता-जाता त्याच्या कपाळावर तळहात ठेवून तीच बघणार. घरात थर्मामीटर होता, नाही असं नाही. पण बायकोच्या हाताला जे कळतं ते काचेच्या नळीला काय कळणार!

त्यातून विभाचा धंदाच तो. ती एका संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी, आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना हात कसे धुवायचे ते शिकवणं हे तिचं आवडतं काम. त्यासाठी तिच्याकडे एक पावडर होती. डोळ्यांना दिसायची नाही, पण खोलीत अंधार करून जांभळा दिवा धरला की पिवळी-हिरवी चमकायची. ही पावडर दाराच्या मुठीला लावून ठेवायची, मुलांना तासभर काम करू द्यायचं, मग पडदे ओढून दिवा फिरवायचा. मुठीवरची चमक पेनावर, मोबाइलवर, चहाच्या कपावर, कुणाच्या नाकावर, कुणाच्या मैत्रिणीच्या खांद्यावर. मुलं किंचाळायची. "आता समजा, ही पावडर नाही, फ्लूचा जंतू आहे," विभा म्हणायची आणि मुलं धावत नळाकडे सुटायची. एक नियम मात्र ती दर वेळी बजावून सांगायची. पावडर लावायच्या आधी एकदा कोरा दिवा फिरवून घ्या. आधीपासून काय काय चमकतंय ते बघून ठेवा. नाहीतर माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं.

अशा या किल्ल्यात, २०१५ सालच्या थंडीत, हेमाताई आल्या.

हेमाताई म्हणजे नरेंद्रची थोरली बहीण, भुसावळची. नरेंद्रच्या पोटात जी किडनी चालली होती ती हेमाताईंची. देणाऱ्याचीही तपासणी करायची असते, म्हणून हॉस्पिटलने बोलावलं होतं, आणि आल्याच आहेत तर भावाजवळ महिनाभर राहतील, असं ठरलं. आता जिची किडनी आपल्या नवऱ्याला जगवतेय तिला 'आधी हात धुवा नि मग आत या' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. विभाने चहाबरोबर हळूच विषय काढला.

"ताई, डॉक्टरांनी सांगितलंय, यांच्या खोलीत कुणीच जायचं नाही. म्हणजे तुम्ही असं नाही हं, कुणीच."

"बरं," हेमाताई म्हणाल्या.

एवढंच. विभाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. एवढ्या चटकन 'बरं' म्हणणारी नणंद तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

आणि हेमाताईंना तर जग हाताने बघायची सवय. आलमबागेच्या बाजारात शिरल्या की ही शाल चुरगाळून बघ, मटारची शेंग फोडून दाणा खाऊन बघ, अनोळखी बाळाचा गाल ओढून बघ. माणसं कोंबून नेणाऱ्या शेअर टेंपोतल्या दांडीला दोन्ही हातांनी लटकणार. शेजारच्या मिश्राईनबाईंनी कढईतला गाजर-हलवा पुढे केला तर बोटानेच चाखणार. विभाने पर्समध्ये घालायला सॅनिटायझरची बाटली दिली, तर म्हणाल्या, "नको ग बाई, हाताला दारूचा वास येतो. मी आपली साबणाने धुते." धुतात म्हणे! कधी धुतात, किती धुतात, कोणी पाहिलंय?

त्याच सुमारास स्वाइन फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या. रोज पेपरात आकडा वाढलेला. आलमबागेत केमिस्टकडचे मास्क संपले. आणि एके सकाळी भिंतीपलीकडून, हेमाताईंच्या खोलीतून, खोकल्याचा आवाज आला. विभा गॅससमोर पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. पुन्हा एकदा खोकला. मग पुन्हा.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" तिने बाहेरून विचारलं.

"छे ग! इथलं धुकं नि धूर. घशात बसतो."

धुकं म्हणे. विभाने ते दिवसभर मनात घोळवलं. दोष खोकल्याचा नव्हता, दोष त्या बेफिकिरीचा होता. त्या दिवसापासून ती हेमाताईंच्या हातांवर नजर ठेवून असायची, एखाद्या जेलरसारखी. पाण्याचा जग त्यांनी उचलला की ती मागून पुसून घ्यायची. रिमोट त्यांनी ठेवला की कापूस फिरवायची. हेमाताईंना ते दिसत नव्हतं असं थोडंच? पण बोलायच्या नाहीत. आणि त्या बोलत नव्हत्या याचाच विभाला जास्त संशय.

मग आलं हळदीकुंकू. रथसप्तमी टळून गेली होती, पण लखनौच्या मराठी बायकांचं पंचांग रविवारच्या सवडीवर चालतं. मालिनीने, जिचा नवरा हवाई दलात होता, सगळ्यांना घरी बोलावलं. विभाने अर्थातच नाही म्हटलं. एकच करंडा, त्यात पंचवीस बायकांची बोटं, आणि ती बोटं पंचवीस कपाळांना. वर मनगटाला अत्तर, वर तिळगूळ हातावर. जंतूला याहून मोठी मेजवानी कोणती? तिने हेमाताईंनाही चार वेळा सुचवलं की दमणूक होईल. हेमाताई ठेवणीतली नारायणपेठ नेसल्या, मोठी पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या.

परत आल्या त्या कपाळभर हळदकुंकू, केसांत शेवंती आणि वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी घेऊन. विभाने ती गाळणी चिमट्याने उचलली आणि स्पिरिटच्या पाण्यात बुडवली. हेमाताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बुडव हो," त्या म्हणाल्या. "पोहता येत असेल तर वर येईल."

दोनच दिवसांनी मालिनीचा फोन आला. नवऱ्याला सडकून ताप, तपासणीला नमुना दिलाय, रिपोर्ट यायचाय. फोन ठेवून ती थेट नरेंद्रच्या खोलीत गेली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"अग, सकाळपासून पाचव्यांदा बघतेयस," नरेंद्र म्हणाला. तो इतिहासाचा प्राध्यापक. आता रजेवर होता आणि माणसांसाठी तहानलेला. "माझा ताप बघून बघून तुलाच येईल एक दिवस."

"तुम्ही गप्प बसा हो."

हाताला कपाळ गार लागलं. पण टेबलाकडे बघते तर पाण्याचा पेला डाव्या बाजूला. तिने सकाळी उजव्या बाजूला ठेवला होता. कोण आलं होतं? तिने नरेंद्रला विचारलं नाही. बहिणीला पाठीशी घालणार तो, लहानपणापासून घालत आलाय. तिने हेमाताईंना विचारलं.

"मी कशाला जाईन?" हेमाताई म्हणाल्या. "तू नको म्हणालीस ना."

"नाही, पेला हललेला दिसला."

"मग पेल्याला विचार."

झालं. विभाच्या मनात निवाडा होऊन गेला, आता फक्त पुरावा हवा होता. ती संस्थेत जायची तेव्हा दिवसभर घरात ही दोघंच. बहीण भावाच्या उशाशी जाऊन बसत असणार, त्याचे हात हातात घेत असणार, आणि आपण आलो की साळसूदपणे सोफ्यावर वाटाणे सोलत असणार. दुसऱ्या दिवशी ती संस्थेतून येताना पावडरीची डबी नि जांभळा दिवा घेऊन आली.

संस्थेतही त्या आठवड्यात बरीच शिंकाशिंकी चालली होती. हजेरीच्या पुस्तकाला बांधलेलं एकच पेन, लिफ्टचं एकच बटण, चहाची एकच किटली. विभाचाही घसा दोन दिवस खवखवत होता, अंग जरा मोडून आलं होतं. पण ते हीटरच्या कोरड्या हवेने. संस्थेचं तिला काही वाटायचं नाही. तिथे सगळे शिकलेले, सगळ्यांना तिनेच तर हात धुवायला शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा कामं एकदम उभी राहिली. मिसळणाच्या डब्यातली हळद संपलेली, तिने पुडा फोडून घाईघाईने वाटी भरली, पोहे केले, हात नळाखाली धरले न धरले, नरेंद्रला पोहे नि गोळ्या दिल्या, उशी सारखी केली, कपाळाला हात लावला. तेवढ्यात हेमाताई अंघोळीला गेल्या. विभाने हातमोजे चढवले आणि त्यांच्या खोलीच्या कडीला नि पर्सच्या चापाला पावडर चोपडली. या दोन वस्तूंना घरात दुसरं कुणी हात लावत नव्हतं. हातमोजे कचऱ्यात टाकले आणि ती टेंपोत बसून निघून गेली. कोरा दिवा फिरवून बघायचा राहिला. राहिला म्हणजे आठवलाच नाही. चोर ठरलेला असल्यावर झडती कशाला नीट घेतंय कोणी?

दुपारी ती अर्धी सुट्टी टाकून परत आली. डोकं ठणकत होतं, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. नरेंद्र तिने सकाळी झाकून ठेवलेलं जेवून झोपला होता. तिने पावलांचा आवाज न करता खिडकीचे जाड पडदे ओढले आणि दिवा लावला.

पहिल्यांदा चमकला पेला. मग गोळ्यांच्या डबीचं झाकण. मग दिव्याचं बटण. मग उशीच्या कडेला चार बोटं, उठून दिसणारी. तिने दिवा वर नेला, आणि झोपलेल्या नरेंद्रच्या कपाळावर एक पिवळा-हिरवा पंजा दिसला. तळव्यासकट. कुणीतरी मायेने, नीट टेकवलेला.

ती तशीच बाहेर आली आणि हेमाताईंच्या खोलीत गेली. हेमाताई पलंगावर बसून मोज्याला टाका घालत होत्या.

"ताई, तुम्ही त्यांच्या खोलीत गेला होतात."

"नाही ग."

"त्यांच्या कपाळाला हात लावलात तुम्ही! गोळ्यांच्या डबीला लावलात, उशीला लावलात!"

"विभा, मी आत गेलेले नाही. तू म्हणालीस त्या दिवसापासून—"

"माझ्याकडे पुरावा आहे! तिकडे मालिनीचा नवरा तापाने फणफणलाय, तुम्ही तिच्या घरून आलात, इथे खोकताय, आणि त्याच हाताने..." विभाचा आवाज चिरकला. घसा दुखत होता, राग मावत नव्हता, आणि जे शब्द कधीच तोंडातून निघायला नको होते ते निघाले. "किडनी दिलीत म्हणून त्यांचा जीव घ्यायचा हक्क नाही मिळत तुम्हाला!"

हेमाताईंच्या हातातली सुई थांबली. त्यांनी मोजा घडी करून उशीखाली ठेवला, मग काढून पिशवीत ठेवला. कपडे भरले, पर्स उचलली. नरेंद्र जागा झाला होता. त्याच्या दारापाशी जाऊन, बाहेरूनच म्हणाल्या, "नरू, निघते रे. आमच्या ह्यांचा फोन होता, गुडघा धरलाय म्हणे त्यांचा. आजची पुष्पक एक्सप्रेस मिळते का बघते."

"असं अचानक? ताई, अग, चहा तरी घे."

"चारबाग स्टेशनवर घेईन," त्या म्हणाल्या आणि फाटक उघडून गेल्या. विभाने फाटकाची कडी पुसून घेतली.

मग तिने पदर खोचला. नरेंद्रला आरामखुर्चीत बसवून त्याचं अंथरूण काढलं. तो विचारत राहिला, ताई का गेली, काय झालं, तू काही बोललीस का. उशीचा अभ्रा बादलीतल्या पाण्यात टाकला आणि त्या चार बोटांवर कपड्याचा साबण खसाखसा घासला.

बोटं लाल झाली.

विभा बघत राहिली. साबण लागेल तिथे पिवळट डाग तांबडे होत होते. पिवळ्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, हे कळायला संशोधन संस्थेत जावं लागत नाही. जेवताना सांडलेली आमटी धुणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक असतं. ही पावडर नव्हती. ही हळद होती.

ती ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेली. खिडकी लावली, मिसळणाचा डबा उघडला आणि दिवा धरला. मोहरी काळी, जिरं काळं, तिखट काळं. आणि मधली हळदीची वाटी पेटल्यासारखी पिवळी-हिरवी. मग तिने दिवा हळूच स्वतःच्या उजव्या हातावर नेला. नखांच्या कडा चमकल्या. बोटांच्या पेरांतल्या रेषा चमकल्या. चष्मा काढून बघितला, त्याच्या दोन्ही काड्या चमकत होत्या. सकाळी घाईत भरलेली हळद. पेला तिने दिला होता. डबी तिने उघडली होती. बटण तिने दाबलं होतं. उशी तिने सारखी केली होती. आणि कपाळावरचा तो मायेचा पंजा, तो दुसऱ्या कुणाचा असणार होता?

"अहो," ती नरेंद्रच्या दाराशी आली. आत जायला तिचं पाऊल उचलेना. "ताई आत येत होत्या का कधी? खरं सांगा."

"कधीच नाही. मी किती वेळा म्हटलं, ये आत, काय होतंय. ती आपली इथे बाहेर तो वेताचा मोढा ओढून बसायची नि तिथून गप्पा मारायची. विभाचा कायदा म्हणजे कायदा, म्हणायची."

"आणि परवा तो पेला?"

"कुठला पेला? अग, मी डावखुरा आहे, पाणी पिऊन डावीकडेच ठेवणार ना. लग्नाला इतकी वर्षं झाली आपल्या!"

विभाने बाहेरच्या चौकटीवर दिवा धरला. मोढ्यावर बसलेल्या माणसाचा हात टेकेल अशा उंचीवर एक अंधुक चमक होती. साबणाचं बोट लावून पाहिलं, लाल झाली नाही. ही खरी पावडर, हेमाताईंच्या कडीवरची. उंबऱ्याच्या आत मात्र ती कुठेही नव्हती, एक कणसुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. मालिनी.

"वहिनी, काळजी नको, यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. साधाच ताप निघाला. आणि हेमाताईंना सांगा, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्यांना फार छळलं. अहो, त्या स्वतःचा करंडा घेऊन आल्या होत्या पर्समध्ये! कुणाच्या करंड्यात बोट घालीनात, कुणाला कपाळाला हात लावू देईनात. लांब खुर्चीवर बसून आपलं आपणच कुंकू लावलं. तिळगूळही कागदात बांधून घेतला. आमचा नरू घरी आहे, म्हणाल्या. आम्ही हसलो खूप. यार, आता वाईट वाटतंय."

विभाने फोन ठेवला. घशातून गिळवत नव्हतं. आतापर्यंत तिला वाटत होतं ते हीटरच्या हवेने असेल. तिने कपाटातला थर्मामीटर काढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि स्वतःच्या तोंडात धरला. पारा एकशेदोनच्या वर जाऊन थांबला.

एकशेदोन. आणि सकाळपासून हाच हात त्या कपाळावर. कालही. परवाही. जंतू बेलवरून आला नव्हता, दुधाच्या पिशवीवरून आला नव्हता. तो तिच्या हातावर बसून, टेंपोतून उतरून, किल्ल्याच्या राजमार्गाने आत आला होता, आणि पहारेकरणीनेच त्याला उशापर्यंत नेऊन सोडलं होतं. विभा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग उठली, कारण रडायलाही वेळ नव्हता. तोंडाला मास्क बांधून तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. दोघांचे नमुने द्या, म्हणाले, पण रिपोर्टची वाट बघू नका. नरेंद्रची गोळी आजच सुरू करा, मी लिहून पाठवतो. तुम्ही वेगळ्या खोलीत, त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही.

"तो फिर उनको दवा और खाना कौन देगा? घर में और कौन है?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोई नहीं," विभा म्हणाली. मग म्हणाली, "थीं. मैंने ही निकाल दिया."

तिने हेमाताईंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुष्पक सुटायला अवकाश होता, पण एकदा हेमाताई गाडीत बसल्या की उतरणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून नुसता हॉर्नचा गोंगाट ऐकू आला.

"ताई, कुठे आहात?"

"आलमबागेत. खोदून ठेवलंय मेट्रोवाल्यांनी, टेंपो जागचा हलत नाहीये. का ग?"

"ताई, तुम्ही नव्हतात. मी होते. ती माझ्याच हाताची हळद होती. ताई, मला ताप आहे, एकशेदोन. यांना मी... माझ्या हातानेच..."



"नरूला ताप आहे?"

"अजून नाही."

"भैया, रोको! उतरना है!" हेमाताईंचा आवाज फोनपासून लांब गेला आणि फोन बंद झाला. लखनौच्या मेट्रोने तोवर कुणाचं भलं केलं नव्हतं, त्या संध्याकाळी मात्र केलं. विभाने मागोमाग मेसेज केला, त्यात गोळ्यांचं नाव होतं, आणि जांभळ्या दिव्याखाली हळद कशी चमकली तेही.

पुढे नरेंद्रला दोन दिवस कणकण आली आणि वेळेवर सुरू केलेल्या गोळ्यांनी ती गेलीही. पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक होतं? विभा हेमाताईंच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली होती, दार आतून लावून. आत येताना तिने बाहेरची कडी, आपण पावडर लावलेली, साबणाने धुऊन काढली होती. अंगणाकडच्या खिडकीला लोखंडी गज होते. फाटक वाजलं आणि हेमाताई अंगणात आल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात औषधांची पुडी. खिडकीत विभा दिसली तशा थांबल्या. त्यांनी सामान खाली ठेवलं आणि दोन्ही हात गजांपासून हातभर लांब धरले.

"तो दिवा आण तुझा. लाव."

"ताई, नको ना."

"लाव म्हणते ना! मला आत नरूजवळ जायचंय. आधी बघू दे."

दिवस मावळला होता. विभाने गजांतून दिवा धरला. हेमाताईंचे दोन्ही तळवे, बोटं, अगदी मनगटापर्यंत पिवळे-हिरवे चमकत होते. पर्सचा चाप त्यांनी दिवसभरात कितीदा उघडला असेल, भाडं द्यायला, फोन काढायला.

"ही काय हळद?" हेमाताईंनी विचारलं.

"नाही," विभा म्हणाली. "ही मी लावली होती. तुमच्या पर्सला. कडीला. तुम्हाला पकडायला."

हेमाताईंनी आपल्या हातांकडे उलटसुलट करून पाहिलं. मग अंगणातल्या नळाशी गेल्या. साबणाने धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, विभा मुलांना शिकवायची अगदी तसे. परत आल्या, दिव्याखाली धरले. थोडं चमकलं. पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला हात काळेभोर दिसले.

विभाला राहवेना. तिने वाकून गजांतून हात बाहेर काढला, हेमाताईंच्या पायांकडे.

"खबरदार!" हेमाताई झटकन मागे सरल्या. "हात लावायचा नाही मला. आत्ताच धुतलेत."

विभाने हात आत ओढून घेतला. पाया पडून माफी मागायचीही तिला सोय उरली नव्हती. ती गजांमागे तशीच उभी राहिली, दोन्ही हात स्वतःच्याच मुठीत धरून, आणि डोळे पुसायलाही तिने ते वर नेले नाहीत.

हेमाताईंनी मास्क बांधला, औषधांची पुडी उचलली.

"तू जे बोललीस ते मी विसरणार नाही, विभा. आपण भांडणार आहोत, चांगलं कडाकडा भांडणार आहोत. पण आधी तुम्ही दोघं बरी व्हा." त्या दारापर्यंत गेल्या, आणि मग वळून म्हणाल्या, "पेज करते. दाराबाहेर ठेवीन, मी लांब गेले की घे. आणि तो थर्मामीटर धुऊन खिडकीत ठेव. नरूचा ताप मी त्यानेच बघणार आहे."